आखाजीपर्यंतचा खांदा

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

ही डायरी एका पंपकंपनीनं दिवाळीत भेट दिलेली. आजवर तिनं वार्निशचा डबा झाकायचं काम केलं. आजपासून तिच्यात लिहिणार आहे. हौस म्हणून नाही, हुकूम आहे. फिजिओथेरपीवाल्या डॉक्टर सविता बैसाणे म्हणाल्या, "आप्पा, रोज दोन ओळी लिहा. दिवसभर काय केलं, कुठे दुखलं, दहापैकी किती दुखलं." म्हणजे दुरुस्तीला आलेल्या मोटारीला मी जॉबकार्ड बांधतो, तसं मलाच बांधलं.

तर जॉबकार्ड. नाव लोटन दगा पाटील. वय एकसष्ट. मूळ गाव पिंपळनेरजवळ, मुक्काम धुळे. काम: शेतकऱ्यांच्या पंपाच्या मोटारी खोलणं, भरणं, चालू करून देणं, छत्तीस वर्षं. तक्रार: उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. सदऱ्याची बाही चढवायला बायको लागते.

आता घरातली गोष्टही लिहून टाकतो, डायरी कोणाला दाखवायची नाही. शनिवारी वरच्या फळीवरून बेरिंग ओढायचा पुलर काढत होतो. हात अर्ध्यात अडकला आणि पुलर गिऱ्हाइकाच्या पायाशेजारी पडला. प्रेमराज, माझा पोरगा, दुकानात काही बोलला नाही. रात्री जेवताना बोलला. "आप्पा, आता पुरे. तुमचं टेबल काढू. तिथे नव्या पंपांची शोकेस लावू. तुम्ही गल्ल्यावर बसा."

गल्ल्यावर! मी म्हटलं, "माझा बाप सालदार होता, वर्षाच्या बोलीवर शेतात राबायचा. मालकाला ठेवायचा तर ठेवायचा, काढायचा तर काढायचा, पण आखाजीला. मधेच नाही. माझंही साल आखाजीपर्यंत धर."

प्रमिलानं, माझ्या बायकोनं, भाकरी थापता थापता निकाल दिला. "दरसाल आखाजीले ज्योतीना झोकाना दोर तुम्हीच निंबवर फेकतस ना? आवंदा बी फेका. फेकाई गया तर टेबल तुमनं. नही तर शोकेस."

प्रेमराज म्हणाला, "कबूल. उजव्या हातानं."

मीही कबूल म्हणून बसलो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, अजून अडीच महिने लांब; लेक ज्योती माहेरी आली की झोका बांधायचाच. दारच्या कडूनिंबाची फांदी दोन माणसं उंच आहे, हे नंतर आठवलं.

डॉक्टरबाई तशा बऱ्या वाटल्या. सुरुवातीला फार हळू बोलत होत्या. वय लहान, भीड असेल. टेबलाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आल्या तेव्हा आवाज खणखणीत झाला. मी त्यांना माझं तत्त्व सांगितलं: एकच बेरिंग परत परत जात असेल तर बेरिंगला शिव्या देऊ नयेत, मोटार आणि पंप जोडणारं कपलिंग बघावं. त्या हसल्या. पण तीस वर्षांची पोरगी, तिला काय कळणार माझ्या खांद्यातलं.

आज दुखणं: सहा.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

शुक्रवारची सुट्टी, दुकान बंद. शटर अर्धं ओढून एकट्यानं दहा हॉर्सपॉवरची मोटार खोलली. जुनी तार तोडून काढली, हातोडा चालवला, घाम निघाला. रात्री बघतो तर दुखणं दोन.

हे उलटंच झालं. बाईंना सांगायला नको, म्हणतील हातोडा का धरला.

रविवार, १६ फेब्रुवारी

साक्रीला साखरपुड्याला गेलो. नवरदेवाच्या काकांपासून आचाऱ्यापर्यंत सगळे मोटारीच्या तक्रारी घेऊन शेजारी येऊन बसले. दिवसभर बसून गप्पा, दुसरं काम काही नाही. परतीच्या बसमध्ये खांदा ठणकायला लागला. सात. तिथला सोफा खराब होता.

बुधवार, १९ फेब्रुवारी

खान्देशात माझ्या हाताइतकंच माझ्या कानाचं नाव आहे. लांब पेचकसाचं टोक चालू मोटारीवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. बेरिंग घासतंय का शाफ्ट वाकडा आहे, तीन श्वासांत सांगतो. आज चाळीसगावच्या एका शेतकऱ्याची मोटार तीन दुकानांनी खोलली होती. मी पेचकस लावला आणि म्हटलं, "मोटार बरी आहे, फाउंडेशनचा एक बोल्ट ढिला होता का?" तो म्हणाला, "मालक, तुम्ही माझ्या शेतात कधी आले होते?"

दुकानातले सगळे हसले. प्रेमराज त्याच्या जागी, माझ्या उजवीकडे ग्राइंडरच्या पलीकडे, मान खाली घालून बिलं लिहीत राहिला. बापाचं कौतुक झालेलं पोराला का सोसत नाही? सहा महिने झाले, दुकान वाढवू, मला साइटवर पाठवा, नवे डीलर बघू द्या, असं काही विचारेल म्हणून वाट बघतोय. एक शब्द नाही. संध्याकाळी शटर लावतो आणि मुकाट निघून जातो.

दुखणं सहा.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मोठा गाढवपणा. आमचा चहावाला सुपडू म्हणाला, साक्रीच्या अलीकडे एक जण आहे, हात ओढतो की दुखणं गेलंच. शनिवारी गेलो. त्यानं माझ्या काखेत पाय दिला आणि हँडपंपाचा दांडा ओढावा तसा हात ओढला. माझ्या तोंडातून निघालं ते ऐकून त्याची म्हैस उठून उभी राहिली.

आज सविताबाईंना सांगावं लागलं, कारण हात टेबलावरही ठेवता येईना. त्यांनी आधी खांद्यावर बर्फाची पिशवी ठेवली. मग म्हणाल्या, "आप्पा, एखाद्यानं तुमची मोटार दोरीनं बांधून ट्रॅक्टरला जोडली आणि ओढली, तर?"

"कानाखाली वाजवीन."

"मग मी काय करू?"

दुखणं नऊ.

शनिवार, ८ मार्च

आज एक गंमत दिसली. बाईंनी मला पाठीवर झोपवलं आणि अंग सैल सोडायला सांगितलं. एक हात माझ्या पाठीच्या पात्याखाली घातला, दुसऱ्यानं माझा हात धरला आणि हळूहळू वर नेला. वर, आणखी वर, थेट कानापर्यंत! तीन महिन्यांत पहिल्यांदा मी माझं कोपर असं वर बघितलं.

"खांदा जाम नाही," त्या म्हणाल्या. "शुगरही नॉर्मल आली. सांधा मोकळा आहे. पण तुम्ही स्वतः हात उचलता तेव्हा हे पातं सरकत नाही, आधीच वर चढून बसलेलं असतं. मग सांध्यात चिमटा बसतो."

म्हणजे बेरिंग चांगलं, पण घर हललेलं. हे मला पटलं. भिंतीवर हात सरकवायचे, रबरी पट्टी ओढायची, दिवसातून तीनदा. घरी सुरू केलं. प्रमिला म्हणते, "भीतले रंग देवाले गडी ठेवा शे का?"

गुरुवार, १३ मार्च

पातं वर का चढतं, याचा शोध चालू आहे. आज मान मोजली. उजवीकडे मस्त वळते, हनुवटी खांद्याला टेकते. डावीकडे अर्ध्यात थांबते. "हे कशामुळे, आप्पा?" मला काय माहीत! उशी असेल म्हटलं. उशी बदलायचं ठरलं. दुकानातलं टेबलही ठेंगणं असेल म्हणाल्या, म्हणून चारही पायांखाली विटा घातल्या.

उद्या धुळवड. व्यायाम करून मगच रंग.

शनिवार, २२ मार्च

पाच. सुट्टीचा दिवस सोडला तर गेले आठ दिवस पाच. सकाळी तीन असतं, दुपारी चार, दुकान बंद होईतो परत पाच-सहा. पातं सकाळी जागेवर बसतं आणि संध्याकाळी परत चढतं. बाईही कोड्यात आहेत. मी व्यायाम चोरत असेन असा त्यांना संशय आला. मी शपथ घेतली. चौदाव्या वर्षापासून काम करतोय, कामचोरी हा एक गुण अंगात आलाच नाही.

मंगळवार, २५ मार्च

खरं लिहितो. आज पहाटे, कोणी उठायच्या आत, दोर घेऊन निंबाखाली गेलो. गेल्या वर्षी पहिल्याच फेकीत फांदीवरून पार झाला होता. आज हात कपाळापर्यंत गेला, चमक आली, आणि दोर माझ्याच गळ्यात पडला. पाच वेळा फेकला. पाचव्या वेळी तुळशीवर.

दोर गुंडाळून ठेवताना बाप आठवला. एका आखाजीला मालकानं त्याला 'आवंदा नको' म्हटलं, तेव्हा तो घरी येऊन अशीच दोरी गुंडाळत बसला होता. मी तेव्हा नववीत जायचा होतो. गेलो नाही, साक्रीला वर्कशॉपमध्ये लागलो.

गल्ल्यावर बसून नोटा मोजणं म्हणजे जिवंतपणी फोटोला हार. नाही जमणार मला.

मंगळवार, १ एप्रिल

आज बाईंनी डायरी मागितली. माझी तारांबळ. हिच्यात त्यांच्याबद्दलच लिहिलेलं! मी म्हटलं, माझं अक्षर वाईट आहे, मीच वाचून दाखवतो. नको ते गाळत गाळत वाचलं. त्या तारखा आणि आकडे एका कागदावर मांडत गेल्या. मग पेन खाली ठेवलं.

"आप्पा, चौदा फेब्रुवारीला एकट्यानं मोठी मोटार खोलली, दोन. साक्रीत नुसते बसलात, सात. मार्चमध्येही शुक्रवारचे आकडे बघा, सगळे दोन-तीन. तुमचं दुखणं ओझ्यानं वाढत नाही. माणसांनी वाढतं."

"माणसांनी तर सगळ्यांचंच वाढतं," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या दुकानावर येते. मी आहे हे विसरून काम करा."

आणि दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "आता तीस वर्षांची नाही, एकतीसची झाले." म्हणजे माझ्या खांद्यावरून वाचत होत्या! मला कसा पत्ता लागला नाही?

बुधवार, २ एप्रिल

आजचं लिहायला हात होत नाही, आणि कारण खांदा नाही.

बाई दोन तास गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या, सुपडूचा चहा पीत. मी माझा धंदा केला. बाजारचा दिवस, गर्दी होती. मी एका मोटारीला पेचकस लावून ऐकलं, उठलो, तर बाई माझ्या उजव्या खांद्याशी उभ्या. म्हटलं, "अरे, कधी आलात इथे?"

त्यांनी प्रेमराजकडे बघितलं. प्रेमराजचा चेहरा उतरलेला. हातातलं बिलबुक तसंच.

"मी इथून तीनदा हाक मारली, आप्पा. मोटार बंद झाल्यावर. नेहमीच्या आवाजात."

मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि डाव्या बाजूला येऊन सांगितलं. गिऱ्हाईक समोर येतं, मी डावा कान पुढे करतो. डावा कान पुढे म्हणजे हनुवटी उजव्या खांद्यावर. खांदा तिला टेकू द्यायला वर चढतो. आज दोन तासांत सत्त्याहत्तर वेळा. त्यांनी रेघा मारल्या होत्या. "म्हणून मान डावीकडे वळायची विसरली. म्हणून पातं संध्याकाळी परत चढतं. एकटे असता तेव्हा कोणाचं ऐकायचं नसतं, म्हणून दुखत नाही. तुमच्या उजव्या कानाला ऐकू येत नाही, आप्पा."

मी खवळलो. "माझ्या कानाला? साक्रीपासून चाळीसगावपर्यंत विचारा जा!"

तेव्हा ती पोरगी शहरी बोलणं सोडून सरळ आमच्या बोलीत आली. "बेरिंग परत परत जास तर बेरिंगले गाया देऊ नही, कपलिंग देखो. हाई माले पहिला दिनले कोनी सांगं?"

दुकानात कोणी हसलं नाही. मी पेचकस खाली ठेवला आणि दुपारीच घरी आलो.

प्रमिलाला सांगितलं. वाटलं, ती तरी रागावेल. ती तांदूळ निवडत म्हणाली, "दहा वरीस व्हयनात, मी तुमना डावा हातलेच बठस. तुम्हले काय वाटनं, हौस शे?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगं व्हतं ना. उजवा कानमा सांगं व्हतं."

शनिवार, ५ एप्रिल

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. ज्योती जळगावहून खास आली, मी पळून जाऊ नये म्हणून. काचेच्या खोलीत बसवून कानाला भोंगे लावले. आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या कानाचा एकही आवाज मी सोडला नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात असा कान बघितला नाही. मग उजवा लावला. मी बटणावर बोट ठेवून बसलो. बसलोच. मला वाटलं, अजून चालू केलं नसेल. काचेपलीकडे ज्योती डोळे पुसताना दिसली तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी विचारलं, उजव्या बाजूला काय आवाज असतो? मी हिशेब केला. ग्राइंडर. अठ्ठावीस वर्षं, वीतभर अंतरावर. खांद्यामागे पातं, पात्यामागे मान, मानेमागे कान आणि कानामागे ग्राइंडर. दोष मीच भिंतीत बोल्ट मारून बसवला होता.

कान परत येणार नाही. पण थोडा शिल्लक आहे, मशीननं काम देईल.

सोमवार, ७ एप्रिल

मशीन नको. मशीनवाल्याच्याच कानात मशीन, गिऱ्हाइकं काय म्हणतील? सुपडू म्हणतो, "आप्पा, तुम्ही लोकांच्या विहिरीत मशीन सोडली, ते लाजले का?"

शुक्रवार, ११ एप्रिल

लावलं. शेंगदाण्याएवढं आहे. पहिल्यांदा सगळा धातूचा आवाज. स्वतःचं चघळणंसुद्धा पत्र्यावर वाळू पडल्यासारखं. सविताबाईंनी बजावलं आहे: मशीन अर्धं काम करेल, व्यायाम सोडला तर पातं परत चढेल. आता व्यायामात मान डावीकडे वळवायची भर. प्रत्येक वेळी आतून गंजलेला नट सुटल्याचा आवाज येतो.

शनिवार, १२ एप्रिल

संध्याकाळी दुकान आवरत होतो. पाठमोरा होतो, पाने पुसत होतो. उजवीकडून, ग्राइंडरच्या पलीकडून आवाज आला.

"येतो, आप्पा."

मी म्हटलं, "ये रे. गाडी हळू चालव."

पलीकडे काहीच हालचाल नाही. वळून बघितलं तर प्रेमराज शटरची कडी धरून उभा. माझ्याकडेच बघत होता.

"तू... हे रोज म्हणतोस?"

"रोज," तो म्हणाला. "आधी दोन-चार दिवस उत्तराची वाट बघितली. मग म्हटलं, आप्पांना बोलायचं नसेल."

"आणि साइटवर जाण्याचं? डीलरचं?"

"दिवाळीपासून चार वेळा विचारलं. तुम्ही पेचकस घासत राहायचे. मग मीच ठरवलं, हे टेबल निघाल्याशिवाय आपल्याला दुकानात जागा होणार नाही."

आम्ही शटर अर्धं लावून बराच वेळ बसलो. सुपडूनं न सांगता दोन चहा आणले आणि न बोलता गेला. सुपडूचं हे पहिल्यांदाच.

दुखणं लिहायचं राहिलं. आठवत नाही, म्हणजे नसेलच.

रविवार, २० एप्रिल

आज दोघांनी मिळून ग्राइंडर काढला. बोल्ट गंजलेले. मी पाना धरला, प्रेमराजनं पाइप लावून जोर दिला. ग्राइंडर मागच्या पडवीत गेला. टेबल असं फिरवलं की गिऱ्हाईक समोरच बसेल आणि मला मान वळवावी लागणार नाही. मधे सहा फूट भिंत मोकळी झाली. प्रेमराज ती भिंत टेपनं मोजत राहिला. मी म्हटलं, "शोकेस इथे बसते." तो म्हणाला, "ते आखाजीला ठरेल. शर्त ती शर्त." बापावर गेला आहे.

दुखणं दोन. हात कपाळाच्या वर, केसांपर्यंत. दोर अजून फेकून बघितला नाही. सविताबाईंनी मना केलंय. "आखाजीलाच फेका. रोज फेकून कमावलेलं घालवू नका."

मंगळवार, २९ एप्रिल

ज्योती आली. सांजोऱ्यांचा घमघमाट आहे. प्रमिलानं उद्याच्या पूजेसाठी घागर घासून ठेवली. मी दोर तपासला, पाट तपासला. भीती वाटते. लिहून टाकलं म्हणजे कमी होईल असं वाटलं होतं. झाली नाही.

बुधवार, ३० एप्रिल. आखाजी.

सकाळी घागर पुजली, बापाच्या नावानं पाणी सोडलं. मग सगळे निंबाखाली. सविताबाईंना मी बोलावलं होतं, त्या त्यांच्या वडिलांना घेऊन आल्या. सुपडू तर न बोलावताच हजर. गल्लीतल्या पोरी गाणी म्हणत थांबलेल्या, त्यांना काय शर्त माहीत! त्यांना फक्त झोका पाहिजे.

दोराच्या टोकाला लाकडाची खुंटी बांधली. पहिली फेक. हात वर गेला, कानाच्याही वर, चमक नाही! पण खुंटी फांदीवर आपटून परत आली. सगळे 'अरेरे' म्हणाले. मी घाईनं दुसऱ्यांदा उचलली, दात आवळले.

तेव्हा उजव्या बाजूनं, कोणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात प्रेमराज म्हणाला, "आप्पा, खांदा वर चढला बघा. खाली सोडा. मग फेका."

शर्त त्याच्याशी होती. गप्प राहिला असता तर जिंकला असता.

मी खांदा सोडला. मान डावीकडे, उजवीकडे फिरवली. एक श्वास घेतला आणि फेकला.

खुंटी पानांत शिरली, पलीकडे गेली आणि दोर सर्रकन खाली आला. त्याचा फांदीवर घासल्याचा आवाज मला दोन्ही कानांनी ऐकू आला. पोरींनी किंकाळ्या मारल्या. ज्योतीनं मला मिठी मारली. सविताबाई टाळ्या वाजवता वाजवता ओरडल्या, "डायरीत लिहा, आप्पा!" सुपडू सगळ्यांना सांगत सुटला की खांदा साक्रीच्या माणसानंच बरा केला.

प्रेमराजनं दुसरी बाजू फेकली. माझ्यापेक्षा उंच गेली, हेही लिहितो. गाठी आम्ही दोघांनी मारल्या.

मग तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, आणि माझा बाप मालकासमोर उभा राहायचा तसे हात बांधले. "मग आप्पा, आवंदा साल परत धरायचं ना?"

"धरायचं," मी म्हटलं. "पण दोघांचं. टेबल माझं, भिंत तुझी. सोमवारी शोकेसवाल्याला बोलव. आणि उद्या साइटवर तू जा, पेचकस घेऊन. कान मी शिकवतो."

पहिला झोका ज्योतीचा. उजव्या हातानं मी दिला. दुसराही. मग पोरींची रांग लागली आणि दुपारपर्यंत कोणी मला सोडलं नाही.

आज दुखणं: एक. झोके देऊन देऊन. हे दुरुस्त करायचं नाही.